मधुकरची बोरिवलीतली इस्टेट

"शिवदास, लिहून ठेव! माणूस पगाराने श्रीमंत होत नाही, सवयींनी होतो. आणि सवयींच्या जोडीला जागा हवी, जागा!"

ऑफिसच्या कँटीनमध्ये मधुकरचं हे प्रवचन रोज चालायचं. शिवदास हा त्याचा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तो मुकाट्याने ऐकायचा, वर मधुकरच्या चहाचे पैसेही तोच द्यायचा. स्वतःच्या पैशाने चहा न पिणं ही मधुकरची पहिली चांगली सवय होती. दुसरी म्हणजे पहाटे उठणं, आणि तिसरी म्हणजे आपण पहाटे उठतो हे दिवसभर लोकांना सांगणं!

पण गडी नुसता बोलघेवडा नव्हता हं. पंच्याऐंशी साली त्याने पै-पै साठवून, ऑफिसचं कर्ज काढून आणि नीलाच्या, म्हणजे बायकोच्या, पाटल्या मोडून बोरिवली पूर्वेला खरोखरच एक फ्लॅट घेतला. वन रूम किचन, नवीकोरी बिल्डिंग आणि घरातल्या घरात संडास-बाथरूम!

या शेवटच्या गोष्टीसाठीच नीलाने पाटल्या काढून दिल्या होत्या. घाटकोपरच्या चाळीत लग्न झाल्यापासून ती रोज सकाळी बादली घेऊन रांगेत उभी राहत होती. पुढे द्रौपदीकाकू, मागे कुणाचे तरी सासरे, आणि आत गेल्यावर बाहेरून "आटपा लवकर!" असा गजर. तिने उत्साहाने विचारलं, "मग कधी जायचं राहायला?"

"राहायला?" मधुकर दचकला. "अगं, ती इन्व्हेस्टमेंट आहे! वापरलं की घर जुनं होतं. दोन-तीन वर्षं कुलूप लावून ठेवायचं, भाव चढला की विकायचं आणि त्यात दोन घ्यायची!"

"आणि त्या दोन घरांत राहायचं?"

"छे! ती विकून चार!"

नीला बादली उचलून बाहेर गेली. तिला फार वाईट वाटलं होतं, पण मधुकर तेव्हा चार घरांच्या हिशेबात होता.

आता पंचाईत अशी की, रिकाम्या फ्लॅटचं कुलूप तोडून कुणीतरी आत घुसतो, रेशनकार्ड काढतो आणि मग कोर्टात भेटतो, असं शिवदासने सांगितलं. मधुकरची झोप उडाली! भाडेकरू ठेवावा तर तो जन्मात हलत नाही. हे मधुकरइतकं कुणाला ठाऊक असणार? तो स्वतःच घाटकोपरच्या खोलीत वडिलांच्या वेळेपासून पागडीवर ठिय्या देऊन होता!

शेवटी त्याला धोंडूमामा आठवला. सख्खा मामा. गिरणी बंद पडल्यापासून परळला गावकऱ्यांच्या खोलीत दिवस काढत होता. कोकणातल्या आंबेखोल गावचे पुरुष मुंबईत आले की त्या एका खोलीत उतरायचे. सगळ्यांची एकेक ट्रंक आणि सगळ्यांची मिळून एक चूल.

"मामा, माझ्या फ्लॅटवर राहशील? नुसती राखण करायची."

"अरे मधू, इचारतंस काय? मी आसंय मां! चिमणी आत येवची नाय!"

मामाकडून भाडं घ्यायचं नाही आणि मामा भाच्यावर दावा लावत नाही. असा बिनधोक राखणदार शोधल्याबद्दल मधुकरने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पहिल्या रविवारी तो पाहायला गेला तर दार एका दांडगट तरुणाने उघडलं.

"ह्यो नंदू. पोलीस भरतीक इलो हा," मामा म्हणाला. "चार दिसांत जातलो."

पुढच्या रविवारी नंदू होताच, शिवाय मोतीबिंदू काढायला आलेला धाकू होता. मग धाकूला सोबत म्हणून त्याचा भाऊ आला. मग परळची खोली दुरुस्तीला काढली, असं कळलं. भिंतीला एकावर एक ट्रंका चढू लागल्या.

"मामा, ही परकी माणसं इथे..." मधुकर चाचरत म्हणाला.

"परकी? गावची माणसां ती! मुंबैक इल्यार जातली खंय?"

मधुकर खरं तर तेव्हाच कडक बोलणार होता. पण सगळे त्याला "मधूशेट, मधूशेट" करत होते, पुढ्यात बांगड्याचं तिखलं आलं होतं, आणि असं तिखलं चापताना वाढणाऱ्या माणसांना घराबाहेर कसं काढणार? चार घास जास्तच जेवून तो परतला. नीलाने विचारलं, "फ्लॅट कसा आहे?" "झकास! अगदी रिकामा!"

वर्षभरात भाव चढले. मधुकरने कापडाचा एक व्यापारी गिऱ्हाईक म्हणून गाठला आणि मामाला बजावलं, "रविवारी एक मोठे शेठ येतायत. घर जरा नीट दिसू दे."

"माज्यार सोड!" मामा म्हणाला.

रविवारी शेठला घेऊन मधुकर जिना चढू लागला, तर वरून टाळ-मृदंग ऐकू आला! दाराला आंब्याचं तोरण, दारावर ताजा रंगवलेला बोर्ड: 'आंबेखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई. संस्थापक: श्री. मधुकर.' मोठे शेठ येणार म्हटल्यावर मामाने मंडळाची वार्षिक सभाच भरवली होती, आणि शेठ प्रमुख पाहुणे!

शेठच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांच्या डोक्यावर टोपी आली, हातात नारळ आला आणि ते खुर्चीवर बसवले गेले. स्वयंपाकघरातून सुक्या बोंबलाचा असा खमंग वास सुटला की बिचाऱ्या शाकाहारी शेठने रुमाल नाकाला लावला तो काढलाच नाही. नंदूने विनंती केली, "दोन शब्द बोला, साहेब!"

शेठ उठले. "मधुभाई, तुम तो खाली फ्लॅट बोला था ना? ये तो धरमशाला है!"

टाळ्यांचा कडकडाट झाला! त्या गजरात शेठ नारळासकट जिना उतरून गेले.

मधुकरची वाट लागली. तो ओरडला, त्याने विनवण्या केल्या, हात जोडले. मंडळी प्रेमाने ऐकत होती, पण जागची हलत नव्हती. रडकुंडीला येऊन त्याने घरी नीलाला सगळं सांगून टाकलं.

ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो, सोपं आहे. मी जाते तिथे राहायला. घरात सून आली की पुरुषमाणसं एक दिवस थांबायची नाहीत."

"वा! आठवडाभर जाऊन राहा!"

"बरं," नीला म्हणाली. पण तिने बांधाबांध केली ती पाटा-वरवंटा, देवघर आणि तुळशीच्या कुंडीसकट.

आणि झालंही तसंच! टेम्पो खाली थांबताच मामा ताडकन उठला. "सूनबाय रवाक इली! उठा रे सगळे!" त्यांनीच नीलाचं सामान वर चढवलं, त्यांनीच ट्रंका खाली उतरवल्या. नीलाने सगळ्यांना लाडू दिले, मामाच्या पाया पडली, कनवटीचं काहीतरी त्याच्या हातात ठेवलं आणि बादली घेऊन सरळ बाथरूममध्ये शिरली. आतून कडी लागली.

रिकाम्या भिंतींकडे पाहून मधुकरला हायसं वाटलं. आणि लगेच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण इथे, म्हणजे घाटकोपरची खोली रिकामी! तीच आता इन्व्हेस्टमेंट! तो धावत गॅलरीत गेला. खाली टेम्पो ट्रंकांनी भरला होता आणि मंडळी वर बसून हात हलवत होती.

"मामा! कुठे निघालात?"

"घाटकोपराक! सूनबायन चावी दिल्यान!"

टेम्पो गेलासुद्धा. मधुकरने बाथरूमच्या दारावर थापा मारल्या. "नीला! खोलीची चावी दिलीस? अगं, ती आपली..."

"मग काय, रिकामी ठेवायची?" आतून नळाच्या धारेबरोबर आवाज आला. "कुणी घुसलं म्हणजे?"

"बरं, आता बाहेर तरी ये! मला जायचंय!"

"थांबा जरा. आज मला कुणी आटपा म्हणणार नाही."

आत ती गुणगुणू लागली. लग्नानंतर मधुकरने तिचं गुणगुणणं प्रथमच ऐकलं आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. तो निमूटपणे दाराला पाठ लावून उभा राहिला. स्वतःच्या मालकीच्या बाथरूमबाहेर, स्वतःच्याच रांगेत. नंबर मात्र पहिला होता!