लाल दिवा आणि दीडशे कप

जनरेटर म्हणजे असतं तरी काय हो? एक टाकी, एक इंजिन आणि ते सांभाळायला थोडी अक्कल. पहिल्या दोन गोष्टी दुकानातून आल्या, तिसरी माझ्याकडे होतीच! घरातला मिक्सर, इस्त्री, पंखा, शिवणयंत्र, सगळं मीच उघडते. बंदही मीच करते. मधूनमधून एखादा स्क्रू उरतो, पण तो कारखान्यानेच जास्तीचा बसवलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला, "उद्या दुपारी बारा ते चार वीज बंद राहील," तेव्हा घाबरला तो माझा नवरा. मी नाही.

त्याचं घाबरणं मात्र रास्त होतं. दोन महिन्यांपूर्वी विमा कचेरीतली नोकरी सोडून त्याने घरीच आइस्क्रीम करायला घेतलं होतं. पोहण्याच्या क्लबात शुक्रवारी संध्याकाळी मुलांच्या शर्यती होत्या आणि त्यांना दीडशे कप व्हॅनिला हवं होतं. ही त्याची पहिली मोठी ऑर्डर! दीडशेच्या दीडशे कप मागच्या खोलीतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये दगडासारखे घट्ट होऊन बसले होते.

"हे फसलं ना," तो म्हणाला, "तर सोमवारी साहेबांपुढे जाऊन उभा राहतो. खुर्ची अजून रिकामी आहे म्हणाले."

गेले दोन महिने हा माणूस स्वयंपाकघरात शीळ घालत होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्याला शीळ येते हेच मला माहीत नव्हतं!

"तू निश्चिंत राहा," मी म्हटलं. "जनरेटर माझ्याकडे लागला."

"पूर्ण विश्वास आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "फक्त फ्रीझर उघडू नकोस. गारवा जातो."

सकाळी मी उठले तेव्हा स्वारी घरात नव्हती. ओट्यावर चिठ्ठी होती: चमचे आणायला जातोय.

पुढचं कळायला आमचा जनरेटर कसा चालतो ते सांगायला हवं. घाबरू नका, सोपं आहे. मशीन मागच्या अंगणात. वीज गेली की ते आपोआप सुरू होतं, आली की आपोआप बंद पडतं. त्याची पेटी घरात, पुढच्या पॅसेजमध्ये. पेटीवर एक काळा दांडा. दांडा वर असला की हिरवा दिवा, म्हणजे घर बाहेरच्या विजेवर. मशीन सुरू झालं की दांडा खट्‌कन खाली येतो आणि लाल दिवा लागतो, म्हणजे घर जनरेटरवर. शिवाय मशीनवर चाचणीचं बटण आहे. ते दाबलं की वीज गेलीच असं समजून मशीन कामाला लागतं.

इतकं सगळं मला पाठ होतं. घरात आणखी कोण आहे, एवढंच मी हिशेबात धरलं नव्हतं.

घरात होते माझे सासरे. बाबांची तेहेतीस वर्षांची नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये झाली. लाल दिवा दिसला की चौकशी करायची, दांडा ओढायचा, हिरवा करायचा आणि वहीत वेळ टिपायची. निवृत्त झाले तरी वही सुटली नाही. दूध किती वाजता आलं, मांजर किती वाजता गेलं, सगळं त्यात असतं. आणि विजेच्या वस्तूंबद्दल त्यांचंही एक ठाम मत आहे. ते असं, की सूनबाईच्या हातात पाना देऊ नये. मिक्सरच्या प्रकरणापासून तर आम्ही दुरुस्तीच्या विषयावर एकमेकांशी बोलतच नव्हतो.

बरोबर दहा वाजून बारा मिनिटांनी मी चाचणीचं बटण दाबलं. मशीन एकदा खोकलं आणि सुरू झालं! काय तो आवाज! मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मिनिटभराने मशीन बंद.

पुन्हा बटण. पुन्हा सुरू. पुन्हा मिनिटभराने बंद!

"असं होय!" मी पदर खोचला. "पेट्रोल शिळं झालंय!"

टाकी रिकामी केली आणि बाबांच्या मोपेडमधलं ताजं पेट्रोल नळीने काढून भरलं. त्यांना विचारलं नाही, कारण आम्ही बोलत नव्हतो. बटण दाबलं. सुरू. बंद.

मग प्लग काढला. काजळी धरली होती. मोरीतला एक जुना ब्रश घेऊन घासघासून चकचकीत केला. तो ब्रश जुना नव्हता आणि कुणाचा होता, हे पुढे कळलं. बटण दाबलं. सुरू. बंद!

मी पद्धतशीर बाई आहे. अंगणाच्या भिंतीवर खडूने लिहीत होते: दहा बारा, चालू. दहा तेरा, बंद. दहा एकोणीस, चालू. दहा वीस, बंद. साडेअकरापर्यंत भिंत भरली आणि माझा धीर सुटला. डोळ्यांपुढे दीडशे कपांचं तळं दिसायला लागलं आणि त्या तळ्याकाठी विमा कचेरीची ती खुर्ची! मी पाना उचलला आणि कार्ब्युरेटरच उघडला. स्क्रू हरवू नयेत म्हणून नवऱ्याचे रिकामे कप आणले आणि एकेका कपात एकेक भाग ठेवला. चौदा कप भरले.

एवढ्यात घरातून कुणाच्या तरी किंचाळण्याचा आवाज आला.

धावत पॅसेजमध्ये गेले, तर पेटीचं झाकण उघडं, तारा बाहेर लोंबताहेत आणि आमच्या गल्लीतला वायरमन बोट तोंडात घालून उभा! ह्याला सगळे झटकेमामा म्हणतात. का ते सांगायला नको.

"मामा, तुम्ही इथे काय करताय?"

"काकांनी बोलावलं," तो बोट चोखत म्हणाला. "पेटीत बिघाड आहे म्हणे. दांडा आपोआप खाली पडतो."

"मग पडणारच! आणि पडून..." मी थांबले. "बाबा, दांडा खाली पडला की तुम्ही काय करता?"

"काय करतो म्हणजे?" बाबा ताठ उभे राहिले. "लाल लागला तर तसाच ठेवू? वर करतो! हिरवा करतो! सकाळपासून अकरा वेळा केलाय. पडला की वर, पडला की वर. हात भरून आला माझा! नोंद आहे."

त्यांनी वही पुढे केली. झटकेमामाने ती घेतली आणि मोठ्यांदा वाचली. "दहा बारा, लाल. दहा तेरा, हिरवा केला. दहा एकोणीस, लाल. दहा वीस, हिरवा केला."

मी दोघांना अंगणात नेलं आणि भिंत दाखवली.

झटकेमामाने वहीत पाहिलं, भिंतीवर पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. "वा! एका मिनिटाचा फरक नाही! ताई, तुम्ही मशीन सुरू करत होता. काका दांडा वर करत होते. मशीनला वाटायचं वीज आली, ते बिचारं बंद व्हायचं."

"म्हणजे मशीनमध्ये बिघाड..." मी म्हटलं.

"नाही."

"आणि पेटीत?" बाबांनी विचारलं.

"तिच्यातही नाही. म्हणजे सकाळी नव्हता," झटकेमामा म्हणाला आणि हळूच आपली पिशवी उचलायला लागला.

त्याच क्षणी घरातला पंखा मंद होत होत थांबला. बारा वाजले होते. वीज गेली. खरीखुरी गेली! आणि आमचं मशीन चौदा कपांत होतं, पेटीच्या तारा बाहेर होत्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. दोघांच्याही मनात एकच शीळ वाजत होती, हे मी शपथेवर सांगते.

"सूनबाई," बाबांनी बाह्या सरसावल्या, "कप नंबर एक आण."

"मामा, तुम्ही पेटीकडे व्हा!" मी ओरडले. "आणि पळायचं नाही!"

काय काम केलं हो आम्ही! बाबा कप पुढे करायचे, मी भाग बसवायची, बाबा वहीत खूण करायचे. त्या माणसाची शिस्त मी पहिल्यांदा जवळून पाहिली. एकदाही चुकीचा कप दिला नाही! बाराव्या कपातली स्प्रिंग मात्र उडून गवतात गेली. मी रडकुंडीला आले. बाबांनी खिशातलं बॉलपेन काढलं, त्याचे दोन तुकडे केले आणि आतली स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवली. तेहेतीस वर्षांत ज्यांनी कुणाला पेन उसनं दिलं नाही, त्यांनी!

"बाबा, मोपेडमधलं पेट्रोल मी काढलंय," मी कबूल केलं.

"माहीत आहे. दहा बावीसला. नोंद आहे."

"आणि तो ब्रश..."

"तो माझा होता, हेही माहीत आहे. तू प्लग बसव!"

एक वाजायला पाच मिनिटं असताना पेटीतून झटकेमामाचा आवाज आला, "झालं!" मशीन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि सुरू झालं! आम्ही पॅसेजमध्ये धावलो. दांडा खट्‌कन खाली आला. लाल दिवा लागला.

बाबांचा उजवा हात आपोआप वर गेला. त्यांनी तो डाव्या हाताने पकडला आणि पाठीमागे धरून ठेवला. कपाळावर घाम आला होता, पण हात सोडला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझ्या हातात कसब आहे हं."

मिक्सरपासूनचं सगळं मी तिथल्या तिथे माफ केलं. तेवढ्यात दारात डेअरीवाल्या काकूंचा टेम्पो थांबला आणि शीळ घालत नवरा उतरला. हातात रिकामे ट्रे!

"संपले!" तो नाचतच आत आला. "दीडशेच्या दीडशे! वीज जाणार म्हणून क्लबाने शर्यती सकाळीच उरकल्या. मुलांनी कप चाटून पुसून ठेवले. पुढच्या महिन्यात तीनशे सांगितलेत!"

"कुठले दीडशे?" मी विचारलं. "दीडशे तर आत आहेत."

"आत? सकाळी सहालाच काकूंच्या डेअरीत हलवले मी. त्यांच्याकडे मोठा जनरेटर आहे ना. जागा करायला त्यांचा माल आपल्याकडे ठेवलाय."

मी मागच्या खोलीत जाऊन फ्रीझर उघडला. मटार. काठोकाठ, पिशव्याच पिशव्या, गोठवलेले मटार! तीन तास आम्ही जिवाचं रान केलं होतं ते ह्यांच्यासाठी!

"आणि तुझा तो पूर्ण विश्वास?" मी कडाडले.

"होता ना! तुझ्यावर पूर्ण होता," तो म्हणाला. "पण बाबा घरात होते."

"मला तर म्हणाला होतास, 'बाबा, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे!'" बाबा गरजले.

"तोही होता. पण ही घरात होती."

झटकेमामा हसत हसत भिंतीला टेकला. तिथे उघडी तार होती. तो पुन्हा किंचाळला, मग आम्हीही हसलो. इतकं हसलो की मशीनचा आवाज ऐकू येईना. नवऱ्याने त्या दीडशेंखेरीज आमच्यासाठी तीन कप वेगळे राखून ठेवले होते. ते आम्ही लाल दिव्याखाली बसून खाल्ले आणि खरं सांगते, त्या सोमवारी कुणालाही कुठल्याही खुर्चीपुढे उभं राहावं लागलं नाही.

आता आमचं सगळं सुरळीत आहे. बाबा आणि मी दर रविवारी मिळून मशीनची चाचणी घेतो, एकाच वहीत नोंद करतो. परवा पुन्हा वीज बंदचा निरोप आला. नवरा म्हणाला, "आता काळजीच नाही! आता तुम्ही दोघं एक झालात. आइस्क्रीम घरीच राहील."

आम्हाला भरून आलं. सकाळी तो चमचे आणायला गेल्यावर मी आणि बाबांनी सहज म्हणून फ्रीझर उघडून पाहिला.

मटार!