सहा फोन, शून्य जंतू

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आहे. अंदाजाने बोलत नाही, मोजून बोलते. आमच्या वॉर्डातल्या सहा सिस्टरांच्या फोनांचे स्वॅब घेतले आणि दोन दिवसांनी प्लेटी पाहिल्या. जे उगवलं होतं, त्यापुढे बेडपॅन देव्हाऱ्यात ठेवावा!

इन्चार्ज या नात्याने मी लगेच नियम काढला: ड्युटीवर येताच फोन जमा. ठेवायला ड्रेसिंगचा एक रिकामा स्टीलचा ड्रम दिला. माझा फोन अर्थात माझ्याच खिशात राहिला. नियम करणाऱ्याला एवढी सवलत असतेच.

नियमाचा पहिलाच दिवस मंगळवार होता. हाडांचे सर्जन आमच्याकडे फक्त मंगळवारी येतात. धडगावकडच्या रूपलीबाईंच्या मोडलेल्या मांडीत रॉड घालायचा होता. आज राहिलं, तर आणखी आठवडाभर त्यांना तशाच कण्हत पडून राहावं लागणार. स्ट्रेचर आलं. रूपलीबाईंनी पलंगाचा दांडा गच्च धरला आणि त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी ठणकावलं.

"काय म्हणतात?"

शबाना सिस्टरला थोडी पावरी येते. "मॅडम, मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. उदेसिंग विसरवाडीला ट्रक भरतो. मुकादमाच्या फोनवरून रोज नऊला माझ्या फोनवर करतो."

"मग आण की फोन!"

"ड्रममध्ये आहे. तुमच्या."

ड्रम जागेवर नव्हता! ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्राच्या खोलीतून मोतीबाई मावशी हात पुसत आल्या.

"ताई, ड्रम भरेल दिखना. मी लाई दिना!"

"अहो, उघडून पाहिलं नाही?"

"तुम्हीनच सांगेल शे ना, ड्रममा हात घालानं नही!"

एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. फोन भाकरीसारखे टम्म फुगले होते.

"अभिनंदन, मॅडम," शबाना म्हणाली, "एक जंतू शिल्लक नाही."

मी डगमगले नाही. केसपेपर कशासाठी असतो? ‘नातेवाइकांचा नंबर’ या रकान्यातला नंबर माझ्या फोनवरून लावला. बंद. पुन्हा लावला. बंद!

"तो माझाच आहे," शबाना म्हणाली. "त्यांच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून क्लार्कने माझा लिहिला."

सर्जन घड्याळ पाहत म्हणाले, "एकपर्यंत थांबतो."

साडेबाराला दारात पिकअप थांबली. उदेसिंग नऊपासून फोन लावत होता. सिस्टरचा फोन बंद, म्हणजे माय गेली, असं धरून तो चौदा माणसं रडत घेऊन आला होता! त्यांना रडताना पाहून रूपलीबाईंना वाटलं, घरातलं कोणीतरी गेलं. त्यांनी सगळ्यांच्या वरचा सूर लावला. कोण गेलं, हे कोणी कोणाला विचारेना.

शेवटी मोतीबाई ओरडल्या, "मरनं कोन?"

माणसं मोजली गेली; कोणीच कमी नव्हतं. बारा पन्नासला रूपलीबाई मुलाकडे वळून पाहत आत गेल्या. रॉड नीट बसला.

निघताना उदेसिंग म्हणाला, "ताई, शबानाताईना फोन लागत नही. तुमना नंबर द्या." चौदाही जणांनी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी ऐन राउंडमध्ये माझा खिसा वाजला. मोठे डॉक्टर थबकले. "सिस्टर, वॉर्डात फोनबंदी आहे ना?"

"ताई, माय जेवनी का?" मी फोन काढून उचलला, तोच पलीकडून उदेसिंग सुरू झाला.

"एक मिनिट, सर," मी म्हटलं, आणि फोन रूपलीबाईंच्या कानाला लावला. त्यांच्या हाताला सलाईन होतं. चौदा जण पाळीपाळीने बोलले. पाऊण तास. फोन धरून उभी मी!