चौदाव्या दशांशाने हुकलेला पूर

महाडहून पोलादपूरकडे जाताना महामार्ग सोडून खाली उतरलं की एक लहानशी वाडी लागते. वाडीच्या ओढ्यात सिमेंटचा खांब आहे आणि खांबावर लाल-पांढरी मोजपट्टी रंगवलेली आहे. पावसाळ्यात दर तासाला ती पट्टी वाचून आकडा मोबाइलवरून कळवायचा, हे ललिताचं काम. धोक्याची पातळी चार मीटर पस्तीस सेंटिमीटर. पाणी तिथं पोचलं की ‘जलपातळी अचूकता कक्षा’तून वाडीभर मोबाइल वाजणार, मग श्रीपत गुरुजी शाळेचं कुलूप काढणार आणि बावीस घरं उंचावरच्या शाळेत जाऊन बसणार. अशी चोख व्यवस्था होती. फक्त यंदाचं पाणी यायचं बाकी होतं.

ते जुलैतल्या एका शनिवारी भर दुपारी आलं. ललितानं ४.३५ कळवलं आणि घराकडे धावली. घरात सासू, सुंदराबाई, गुडघ्यांनी जाम होऊन खाटेवर. तिला एकटीनं उचलणं ललिताच्या आवाक्यातलं नव्हतं. दहा मिनिटं गेली तरी मोबाइल वाजेना, तेव्हा तिनं कक्षाला फोन लावला.

“साहेब, चार-पस्तीस झालं. मेसेज का येत नाय?”

कक्षप्रमुख राजेंद्र साहेब तिसऱ्या मजल्यावर बसत असल्यामुळे स्वभावानं शांत होते. “झालेलं नाही, ताई. तुम्ही मीटरमध्ये कळवता, आम्ही सेंटिमीटरमध्ये नोंदवतो. संगणकानं शंभरनं गुणलं, ४३४.९९९९९९९९९९९९९४ आलं. नियमात ४३५ आहे.”

“अहो, चार-पस्तीसला शंभरनं गुणलं की चारशे पस्तीसच होतात. तिसरीतली कुठली पण पोरगी सांगंल.”

“तिसरीपर्यंत होतात. पण संगणकाच्या पोटात ४.३५ नेमका बसत नाही, जवळपासचा एखादा बसतो. त्यापुढे त्याचा नाइलाज आहे.”

“मंग गेल्या साली कसा वाजला?”

“गेल्या वर्षी तो दोनच दशांश छापायचा. आम्हाला ४३५.०० दिसायचं, आम्ही बटण दाबायचो. मग आकडे लपवले जातात अशी तक्रार आली. तुमच्याच वाडीतून आली. आता पूर्ण पारदर्शकता. असेल नसेल तो प्रत्येक अंक छापतो.”

“मंग तुम्ही करा की त्याचे पुरे चारशे पस्तीस!”

“तो फेरफार झाला, ताई. त्याला पूर्णांकन समिती लागते. समिती स्थापन झालेली आहे, सदस्य तेवढे नेमायचे आहेत. असं करा, पुढच्या तासाला चार-छत्तीस कळवा, लगेच दाबतो.”

“पट्टी चार-पस्तीसलाच संपते हो!”

“बरोबर. त्याच्यावर धोका असतो, तिथं थांबून वाचणार कोण, म्हणून रंगवलीच नाही. पण अंदाजानं काही कळवू नका. खोटी नोंद केलीत तर काम जाईल.”

एव्हाना पट्टीच काय, खांबसुद्धा दिसेनासा झाला होता. ललिता शाळेकडे पळाली. श्रीपत गुरुजी पायरीवर छत्री धरून उभे होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.

“मला काय दिसत नाही का, ललिता?” गुरुजी म्हणाले. “पण मेसेज नाही. मी उघडलं आणि पूर नाही आला, तर उत्तर कोण देणार?” हे बोलताना ते एक पायरी वर चढले.

ती घरी परतली तर पाणी खाटेच्या माच्याला लागलेलं. सुंदराबाई मोबाइल नाकाशी धरून बसली होती. “गो, यात हिरवाच दिवा हाय. उगाच काय घाबरवतेस?” खाटेखालून तिचं पातेलं तरंगत दाराबाहेर गेलं, तरी तिनं मान वळवली नाही. शेजारीपाजारी मांडीभर पाण्यात उभे राहून आपापल्या मोबाइलमध्ये पूर येतोय का ते पाहत होते.

ललिताला आधी रडू आलं, मग संताप आला, आणि संतापच उपयोगी पडला. टेम्पोवाल्या हसनभाईंच्या मोबाइलची बॅटरी उतरली होती, त्यामुळे वाडीत पूर आल्याचं एकट्या त्यांनाच कळलं होतं. “हसनभाई, टॉमी द्या,” ती म्हणाली. चाकं खोलायच्या त्या लोखंडी दांड्यानं दोघांनी शाळेचं कुलूप तोडलं आणि सुंदराबाईला खाटेसकट उचलून वर नेलं. खाट चाललेली बघून मागोमाग सगळी वाडी निघाली. संध्याकाळपर्यंत सतरा घरांत छातीभर पाणी होतं. माणूस मात्र एकही गेलं नाही.

तीन आठवड्यांनी ललिताला नोटीस आली. पातळी धोक्यापेक्षा ०.०००००००००००००६ सेंटिमीटरने कमी असताना शासकीय कुलूप तोडून तिनं ग्रामस्थांत घबराट पसरवली होती. तिला कामावरून का काढू नये, असा प्रश्न होता. पाठोपाठ राजेंद्र साहेब स्वतः चौकशीला आले. त्यांच्याकडे टाइप केलेला एक कागद होता: ‘त्या दिवशी वाडीत पूर आला नाही.’ बावीसही घरांची सही झाली की वाडी ‘पूरमुक्त’ ठरणार होती, आणि पूरमुक्त वाडीला डांबरी रस्ता मंजूर होणार होता.

पहिली सही गुरुजींनी केली. मग कागद घरोघर फिरला. टेकायला दुसरं काही नसल्यामुळे लोकांनी तो भिंतीला लावून सह्या केल्या. भिंतींवर चिखलाची रेघ अजून होती, ती कागदाच्या बरीच वर यायची. शेवटचं घर ललिताचं. घर ओट्यावर बसलेल्या सासूच्या नावावर होतं.

“आत्या,” ललिता म्हणाली, “माझं काम जाईल.”

सुंदराबाईनं शाईची डबी जवळ ओढली. “गो बाय, पाणी वर्षातनं एकदाच येतं,” ती म्हणाली. “रस्ता बारा महिने लागतो.” आणि तिनं अंगठा शाईत बुडवला.

तुम्ही त्या ओट्यावर असता तर अंगठा उठवला नसता. हो ना? खात्री आहे? शंभर टक्के?

जरा सगळे दशांश छापून बघा.