मालकांनी बूट काढले

तोकुजीला खरं तर ट्यूबलाइट घ्यायची होती. दर दोन वर्षांनी तो अकिहाबारात, विजेच्या सामानाच्या बाजारात, यायचा, ट्यूबलाइट घ्यायचा आणि गुमान घरी जायचा. या खेपेला बरोबर बायको होती, फुमिए, आणि तिच्या हातात केस कापायच्या दुकानात मिळालेलं, तिथल्याच एका चहाच्या हॉटेलाचं गुलाबी कूपन होतं. दोघांचा चहा आणि एक आम्लेट-भात फुकट.

"अहो, तिथल्या पोरी येणाऱ्याला घरच्या मालकासारखं वागवतात म्हणे. गल्लीतल्या सगळ्या जाऊन आल्या. ती नाकात बोलणारी हामानोसुद्धा जाऊन आली."

"मग तिलाच विचार ना कसंय ते. चार मजले चढून कशाला जायचं?"

"लिफ्ट आहे."

लिफ्ट होती. तोकुजीनं बटण दाबलं.

चौथ्या मजल्यावर 'ससोबाचा बंगला' अशी पाटी होती. तोकुजीनं दार ढकललं तशी घंटा किणकिणली आणि झालरीचा एप्रन घातलेली, डोक्यावर सशाचे कान लावलेली एक पोरगी धावत आली. कमरेत वाकून खच्चून ओरडली, "घरी आलात, मालक! घरी आलात, छोट्या बाईसाहेब!"

त्रेसष्ट वर्षांची फुमिए त्या 'छोट्या'वर अशी काही लाजली की तोकुजीला बघवेना.

आता तोकुजीचं म्हणाल, तर चाळीस वर्षं तो लोकांच्या घरात तातामीच्या चटया बसवत आलेला. दिवसातून चार-चार उंबऱ्यांवर बूट काढायचे आणि घालायचे. 'घरी आलात' कानावर पडलं की डोक्याच्या आधी त्याचे पाय कामाला लागतात. "आलो गं," असं पुटपुटत त्यानं बूट काढले. फुमिएनं काढले. शिवाय वाकून दोन्ही जोड्या तोंडं दाराकडे वळवून नीट लावून ठेवल्या.

पोरीच्या छातीवर बशीएवढा बिल्ला होता, त्यावर 'पुरिन' लिहिलेलं. तिनं बूट बघितले. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"मालक, ते..."

"काय गं पोरी?"

"काही नाही. या ना, या."

काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीवरून मोजे सर्र सर्र वाजवत दोघं स्वयंपाकघराच्या पडद्याशेजारच्या टेबलावर जाऊन बसले. फरशी बर्फासारखी. फुमिएनं पाय वर घेतले आणि खुर्चीत मांजरासारखी बसली.

पाठोपाठ कॉलेजची तीन पोरं आली. त्यांनी दारात लावलेले बूट बघितले आणि आपले काढले. दारात बूट दिसले की आपले काढायचे, त्यात विचारायचं काय? न काढणारा गावंढळ ठरतो. त्यातल्या एकाचा अंगठा मोज्यातून बाहेर आलेला. तो बिचारा शेवटपर्यंत बगळ्यासारखा एका पायावर दुसरा पाय झाकून बसला. मग ऑफिसची बॅग घेतलेला एकजण आला. त्यानंही काढले.

खरी पंचाईत झाली ती आधीपासून बसलेल्यांची. चार वर्षं दर गुरुवारी इथं येणारा एक जाडजूड गृहस्थ कोपऱ्यात बसून सशाच्या आकाराचं आइसक्रीम खात होता. आजूबाजूला सगळे मोज्यांवर बघून त्याचा चेहरा खर्रकन उतरला. चार वर्षं! चार वर्षं आपण घरात बूट घालून फिरलो आणि कुणी बोललंसुद्धा नाही! तो उठला, प्रत्येक टेबलापुढं वाकून "माफ करा, माफ करा" म्हणत दारापर्यंत गेला आणि बूट काढून आला. ते बघून उरलेले चौघेही गेले.

अर्ध्या तासात दारात अकरा जोड्यांची रांग लागली. देवळात नसेल इतकी सरळ.

तेवढ्यात तोकुजीच्या कानाशी पडद्याआडून आवाज आला.

"पुरिन, हा काय बाजार मांडलायस?"

"आन्झुताई, मी नाही सांगितलं. त्या आजोबांनी स्वतःच..."

"मग सांग त्यांना, घाला म्हणावं."

"काय म्हणून सांगू? हे घर नाही, दुकान आहे, असं?"

"खबरदार! सकाळी एकाला 'गिऱ्हाईक' म्हणालीस. दुपारी एकाला 'दुकान आठला बंद होतं' म्हणालीस. बंगल्यात हे दोन शब्द चालत नाहीत म्हणून बजावलं होतं ना? आज चाचणीचा शेवटचा दिवस आहे. तिसरी चूक झाली की एप्रन काढून ठेवायचा आणि निघायचं."

"पण ताई, सांगितलं तर तिसरी चूक, नाही सांगितलं तरी तिसरी चूक!"

"ते तू बघ."

पुरिन आम्लेट घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे सशाचे कानसुद्धा पडलेले होते. तिनं टोमॅटो सॉसनं काढलेला ससा पार गाढव झाला. "आता तिघांनी मिळून मंत्र म्हणायचा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "चवदार हो, चवदार हो, ढुम ढुम!" फुमिएनं हातांचा बदाम करून म्हटला. तोकुजीनंही केला, चटईचं माप घेतल्यासारखा.

पण तोकुजीनं अर्धं आम्लेट तसंच ठेवलं. आपल्या पायांपायी पोरीची नोकरी चालली. तो फुमिएच्या कानात म्हणाला, "मी गुपचूप जाऊन बूट घालून येतो. माझं बघून बाकीचे घालतील."

"हळूच हं. पोरीचं नाव निघायला नको."

तो चोरासारखा दाराशी गेला आणि बुटात पाय घातला. झालं! बूट घालणारा मालक म्हणजे बाहेर निघालेला मालक. कुठूनशा दोन सशिणी धावत आल्या, एकीनं घंटा बडवली, दुसरीनं दार उघडलं. "मालक बाहेर निघाले होऽऽ! जाऊन या, मालक! सांभाळून जा!"

"अगं, मी कुठं..."

दार लागलं. तोकुजी बाहेर, बायको आत, आम्लेट अर्धं. तो तणतणत परत दार ढकलून आत शिरला.

"घरी आलात, मालक!"

"आलो गं," तोकुजी म्हणाला आणि त्यानं बूट काढले.

काढल्यावर त्याच्या लक्षात आलं. फुमिएनं लांबूनच कपाळावर हात मारला.

आता पडदा सरकवून आन्झुताई स्वतः बाहेर आली. सशिणींची मुख्य ती. उंच, ताठ, टाचांचा टकटक आवाज आला की कपबशासुद्धा गप्प बसत. ती गोड हसली, पण डोळे काही हसले नाहीत.

"मालक, फरशी गार आहे. सर्दी होईल. बूट घालता का?"

"मग सपाता द्या."

"आपला बंगला विलायती पद्धतीचा आहे, मालक. तिकडं घरात बूट चालतात."

"तिकडं चालत असतील. भात खातो तिथं रस्त्यावरचे बूट? माझ्या आईनं फुंकणीनं मारलं असतं." तोकुजीचा पारा चढला होता. भीतीनं चढला होता, पण चढला होता. "आणि या पोरीला कशाला बोल लावता? ती 'घरी आलात' म्हणाली, मी घरी आल्यासारखा वागलो. तिनं काम चोख केलं म्हणून तर बूट निघाले. तुम्हीच सांगा, हे घर आहे का नाही?"

सगळा बंगला श्वास रोखून बघायला लागला. आन्झुताईनं एप्रन सारखा केला.

"आहे ना, मालक. घरच आहे."

"मग मालक मोज्यांवर आणि तुम्ही बूट घालून, हे कसं?"

बावीस डोळे आन्झुताईच्या पायांकडे वळले. वीतभर उंच टाचांचे लाल बूट. पळायला वाटच नव्हती. ती भिंतीला टेकली आणि एकेक बूट काढला.

आन्झुताई खाली आली. खाली आली म्हणजे इतकी खाली, की पुरिनच्या खांद्याला लागली. एवढीशी, गोल, कुणाच्याही धाकट्या मावशीसारखी बाई. कुणी हसलं नाही. कारण तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिनं पायाची बोटं पसरली. आखडली. परत पसरली. सहा वर्षं रोज दहा तास त्या टाचांवर उभं राहून मुरलेलं दुखणं त्या गार फरशीत उतरायला लागलं.

"आईऽऽ गं," ती म्हणाली. मग डोळे मिटून, कुणाला म्हणून नाही, "सहा वर्षांत या दुकानात असं बरं वाटलं नव्हतं."

पुरिननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाकीच्या सशिणी छताकडे बघायला लागल्या. आन्झुताईनं एक डोळा उघडला.

"काय म्हणाले मी?"

"काही नाही ताई," पुरिन घाईघाईनं म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही."

आन्झुताईनं तिच्याकडे बघितलं. आता खालून वर बघावं लागत होतं.

"उद्या दहाला ये," ती म्हणाली. "आणि येताना वाटेत सपाता घे. तीस जोड. कान असलेल्या मिळाल्या तर बघ."

पुरिननं तिथंच उडी मारली. जाड्या गृहस्थानं टाळ्या वाजवल्या. बगळा पोरानं दोन्ही पाय खाली टेकवले. एका तासात उठवायचा नियम होता, पण उठवणार कोण? लोकांनी आणखी चहा मागवला. फुमिएनं शेजारच्या टेबलावरच्या ऑफिसवाल्याला मुळ्याचं लोणचं कसं घालायचं ते सांगितलं. तोकुजीनं आम्लेट संपवलं आणि वर बशी चाटून पुसून ठेवली.

निघायच्या वेळी दोघं दाराशी बूट घालायला वाकले. सशिणी घंटेकडे धावणार, तेवढ्यात आन्झुताईनं हातानंच थांबवलं. ती भिंतीशी स्टूल घेऊन बसली होती, पाय दुसऱ्या स्टुलावर, हातात चहा. उठली नाही, वाकली नाही.

"निघालात होय?" ती म्हणाली. "बरं, जाऊन या. दार तेवढं ओढून घ्या हं जाताना, गार वारा येतो."

तोकुजीनं दार ओढून घेतलं.