सासूबाईंचा एसी आणि गच्चीवरची पेटी

गारवाशेठ दुकानाच्या दारात उभे राहून आभाळाकडे बघत होते आणि आभाळ काही त्यांच्याकडे ढुंकून बघायला तयार नव्हतं. ऐन उन्हाळ्याचे दिवस, आणि समोरून एक गृहस्थ चक्क स्वेटर घालून चालले होते. शेठनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याने घाबरून स्वेटरचं वरचं बटणही लावून टाकलं.

घरं, दुकानं, दवाखाने गार करून देणं हा शेठचा धंदा. हिवाळ्यात गरमही करून देत, पण नाव पडलं ते गारवाशेठ. उन्हाळा कडक पडणार या भरवशावर त्यांनी गोदाम छतापर्यंत एसींनी भरून ठेवलं होतं, आणि आता फोन वाजत नव्हता. मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचे दोघे कारागीर सकाळपासून पाने-पक्कड पुसत बसले होते. काल पुसलेलेच आज पुसत होते. हंगाम असाच गेला तर दुकानाला कुलूप लागणार आणि हे तिघे घरी बसणार, हे शेठना दिसत होतं. मिस्त्री तर त्यांच्याकडे दुकानाची पाटी लागली त्या दिवसापासून होते. पाटी त्यांनीच लावली होती, किंचित तिरकी.

तरी शेठ पार खचले नव्हते, कारण त्यांनी विमा उतरवला होता. अपघाताचा नाही, आगीचा नाही, हवामानाचा. शेठचा मेहुणा विम्याचा एजंट. पोरं त्याला विमामामा म्हणत आणि हळूहळू सगळी गल्लीच म्हणू लागली होती. त्याने उन्हाळ्याआधी बहिणीच्या हातचा चहा पीत पीत ही पॉलिसी शेठच्या गळ्यात मारली होती.

"भाऊजी, उन्हाळा कडक पडला तर तुम्ही कमावणार. थंड गेला तर कंपनी भरून देणार. तुम्हाला दोन्हीकडून मरण नाही!"

"पण थंड गेला हे ठरवणार कोण? तू?"

"पेटी!" विमामामा म्हणाला.

कंपनीची माणसं येऊन शेठच्या गच्चीवर एक पांढरी पेटी बसवून गेली. आत तापमापक, बाहेर आकडा दाखवणारी काच. आकडा आपोआप कंपनीला जायचा. हंगामाची सरासरी ठरल्या रेघेच्या खाली राहिली, की भरपाई. पेटीला सावली हवी आणि मोकळी हवा हवी, म्हणून ती पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसवली. पेटीला हात लावायचा नाही, एवढीच अट होती. शेठनी पोरांना दम दिला, कबुतरांनाही दिला.

उन्हाळा थंड चालला होता, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. शेठ हे मनाशी म्हणत होते, तेवढ्यात विमामामाचा फोन आला.

"भाऊजी, अभिनंदन! यंदा तुमच्याकडे काय ऊन पडलंय! पेटीचे आकडे बघून आमच्या ऑफिसात लोकांना घाम फुटला. धंदा जोरात असेल ना?"

शेठनी रस्त्याकडे पाहिलं. स्वेटरवाले गृहस्थ परत येत होते. आता त्यांनी मफलरही घेतला होता.

"मेहुण्या," शेठ सावकाश म्हणाले, "तू फोन ठेव."

शेठ तडक घरी आले आणि चपलांसकट गच्चीवर गेले. वारा इतका गार होता की अंगावर काटा आला. पेटीजवळ गेले आणि चेहऱ्यावर गरम वाफारा आला. काचेवरचा आकडा भर वाळवंटाचा होता. शेठनी टाकीच्या पलीकडे वाकून पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

तिथे एसीचा आउटडोअर घुमत होता. एसीचा हा बाहेरचा भाग खोलीतली उष्णता बाहेर फेकतो. त्यालाही सावली हवी असते आणि मोकळी हवा हवी असते, हे धंद्यातलं पोरही जाणतं. महिन्यापूर्वी सासूबाई कायमच्या राहायला आल्या, तेव्हा शेठनी वरच्या खोलीत त्यांच्यासाठी गोदामातला सगळ्यात भारी एसी स्वतःच्या हाताने बसवला होता. गच्चीवर सावलीची जागा एकच. आउटडोअरचं तोंड त्यांनी मोठ्या विचाराने टाकीकडे केलं होतं, शेजाऱ्यांच्या वाळवणावर गरम हवा जायला नको म्हणून; पेटी तेवढी ध्यानात आली नव्हती. काम इतकं सुबक झालं होतं, की त्यांनी त्याचा फोटोही काढून ठेवला होता.

पण असल्या गारठ्यात एसी चालू कशाला? शेठ खाली येऊन सासूबाईंच्या खोलीत शिरले आणि त्यांचेच दात वाजायला लागले. खिडक्या गच्च बंद. सासूबाई दोन शाली आणि एक रजई पांघरून, पायात लोकरी मोजे घालून हसतमुख बसल्या होत्या.

"या जावईबापू! काय छान गार होतंय हो तुमचं यंत्र!"

"आई, अहो, बंद करायचं ना जरा वेळ!"

"छे! तुम्हीच नाही का सांगितलंत? सारखं बंद-चालू केलं की यंत्र बिघडतं. लागलं तसं चालू राहू द्यायचं. मी एकदासुद्धा बंद केलं नाही हो."

हे वाक्य शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असत. इतक्या वर्षांत ते मनापासून पाळणारं पहिलं गिऱ्हाईक त्यांच्या घरातच निघालं होतं.

"आई, ते मी गिऱ्हाइकांना सांगतो. तुम्ही बंद करा. आत्ताच करा."

सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी रिमोट पदराने पुसला आणि शेठच्या हातात ठेवला. शेठ जिना उतरेपर्यंत बातमी स्वयंपाकघरात पोचली होती.

"अहो, माझ्या आईला गार हवा लागली तर तुमच्या पोटात का दुखलं?" शेठची बायको हातात लाटणं घेऊन उभी होती. "विजेचं बिल जड झालं असेल तर मला सांगायचं होतं. तिच्या हातातून रिमोट काढून घेतलात!"

"त्यांनीच दिला! आणि बिलाचं नाही गं, पेटीचं आहे!"

"पेटी मोठी की आई मोठी?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे शेठ लग्नानंतर लगेच शिकले होते. ते परत वर गेले. एसी बंद म्हटलं तर घर पेटणार आणि चालू म्हटलं तर दुकान बुडणार. मग त्यांना एकदम सुचलं, आणि सुचलं तेव्हा ते अगदी निरागस होतं.

"आई, बंद नका करू. पण हे यंत्र गरम हवाही देतं. हे बघा, इथलं सूर्याचं बटण दाबायचं."

सासूबाईंनी बटण दाबलं. थोड्या वेळाने खोली उबदार झाली. रजई गेली, मग एक शाल गेली. सासूबाई खुलल्या, बायको शांत झाली आणि शेठना कित्येक दिवसांनी दुपारी झोप लागली.

गोष्ट इथे संपली असती, पण एसी खोली गरम करायला लागला की त्याचा आउटडोअर बाहेर बर्फासारखी हवा फेकतो. शेठना हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? फक्त त्या दिवशी ते सुखात होते.

"भाऊजी," दोन दिवसांनी विमामामाचा आवाज पार बसला होता, "तुमच्या गच्चीवर गारा पडल्या का?"

"नाही. का रे?"

"आकडा जमिनीवर आलाय. आमच्या तपासनीस बाईंनी बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. उद्या येतायत. आणि त्या आल्या ना, की आजपर्यंत कुणाचा क्लेम टिकलेला नाही हो."

शेठना घाम फुटला. आकडे असेच खाली राहिले तर सरासरी आरामात रेघेखाली जाणार होती. गप्प बसलं की झालं. आणि खरं सांगितलं तर पेटी बिघडवली म्हणून पॉलिसीच रद्द, मग दुकानाला कुलूप. ते दुकानात गेले. मिस्त्री शिडीवर चढून पाटी सरळ करत होते.

"हे काय करताय?"

"काही काम नाही म्हटलं. इतकी वर्षं तिरकी होती, खुपत होती मला," मिस्त्री म्हणाले. "बंद व्हायच्या आधी एकदा सरळ बघून घ्यावी."

शेठनी खालून शिडी धरली. या माणसासाठी खोटं बोलावं असंही त्यांना वाटलं, आणि या माणसाच्या देखत खोटं बोलवणार नाही हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. सडपातळ, करड्या, एकही शब्द वाया न घालवणाऱ्या. मागून विमामामा, चेहरा पाडून. बाईंनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि शेठच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. सावली, टाकी, आउटडोअर, सासूबाई, रजई, सूर्याचं बटण.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

शेठ वर जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. "आई! गार करा!"

गच्चीवर सगळे काचेकडे बघत उभे राहिले. जरा वेळाने आकडा चढू लागला.

"आई! गरम करा!"

आकडा थांबला आणि उतरू लागला.

"परत," बाई म्हणाल्या.

"आई! गार!"

"जावईबापू," खालून आवाज आला, "बिघडतं ना हो असं केल्यानं? एकदाच काय ते ठरवा!"

तपासनीस बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. मग दुसराही हलला. आणि मग त्या टाकीला धरून इतक्या हसल्या, की विमामामा घाबरून पाणी आणायला धावला.

"अहो, लोक भरपाईसाठी पेटीवर बर्फ ठेवतात," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आपलाच क्लेम बुडावा म्हणून आपल्याच हाताने पेटी तापवत ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. आणि आकडा तुमच्या फायद्याचा झाल्यावर आपणहून सांगणारा तर दुसरा मिळायचा नाही. ही पेटी बाद. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत आमची दुसरी पेटी आहे. अशा वेळी तिचा आकडा धरायचा, असं पॉलिसीत लिहिलंय. तुमच्या एजंटने सांगितलं नाही?"

एजंट पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. तो त्याने स्वतःच पिऊन टाकला.

रोपवाटिकेत एसी नव्हता आणि कुणाच्या सासूबाईही नव्हत्या. हंगाम संपला, तेव्हा शेठ, बायको आणि तिन्ही कारागीर दुकानातल्या फोनभोवती कोंडाळं करून बसले होते. फोन वाजला.

"भाऊजी!" विमामामा इतक्या जोरात ओरडला, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "रेघेखाली! चांगलंच खाली! मंजूर!"

मिस्त्रींनी शेठना मिठी मारली. बायकोने सगळ्यांदेखत नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, जी लग्नातही मारली नव्हती.

आणि गंमत अशी, की हंगामाची मुदत संपायला आणि ढग पांगायला एकच गाठ पडली. असं ऊन पडलं की डांबर पायाला चिकटायला लागलं. बाकीच्या दुकानदारांनी कंटाळून माल केव्हाच परत पाठवला होता. सगळ्या गावात भरलेलं गोदाम एकट्या गारवाशेठचं. फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. मिस्त्री शिडीवरून उतरेनात, आणि पाहता पाहता गोदामाची मागची भिंत दिसायला लागली.

शेवटचा एसी गेला त्या संध्याकाळी शेठ विजयी मुद्रेने, घामाने निथळत सासूबाईंच्या खोलीत गेले. खिडक्या सताड उघड्या होत्या. सासूबाई पुठ्ठ्याने वारा घेत आरामात बसल्या होत्या आणि एसी बंद होता.

"आई! एवढ्या उन्हात आज बंद?"

"तुमचा सगळा माल संपला म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "दाराशी एक गृहस्थ आले होते, स्वेटर हातात घेऊन. रडकुंडीला आले होते उकाड्यानं. म्हटलं, माझा घेऊन जा. उद्या मिस्त्रींना पाठवते म्हणून कबूल केलंय."

"अहो, पण मग तुम्हाला?"

सासूबाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. दार लोटलेलं आहे ना, ते बघितलं आणि आवाज हळू केला.

"जावईबापू, रागावणार नसाल तर सांगते. तुम्ही इतक्या हौसेनं बसवलात म्हणून बोलले नाही. मला गार हवा पहिल्यापासून सोसतच नाही हो. एक साधा पंखा बसवून द्याल?"

गारवाशेठ खाली वाकून त्यांच्या पाया पडले, आणि स्वतःच शिडी आणायला गेले.