एकेचाळीस लिंकांचे नाना

प्रिय ईशान आणि रमा,

गेल्या आठवड्यात तुम्हा दोघांना जळगावच्या एका अनोळखी गृहस्थांचा ईमेल आला. त्यात एकच ओळ होती: "नरडाण्याच्या नावाने मांडे तुम्हीच मागवले काय? खरे सांगावे." तुमच्या आईने हा फसवणुकीचा प्रकार ठरवला आणि पत्ता ब्लॉक करायला सांगितला, असं तिनेच मला कळवलं. ब्लॉक करण्याआधी हे वाचा, म्हणून आजच लिहायला बसले. ते गृहस्थ म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले नाना. तुमचा पत्ता त्यांना मीच दिला. नाना कोणाला फसवत नाहीत. आपल्याला कोणीतरी फसवतं आहे, एवढीच त्यांची कायमची खात्री असते.

नाना पाइपच्या कारखान्यात तपासनीस होते. पाइपवर बोटाचं पेर आपटायचं, कान लावायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं. नाना निवृत्त झाले, पेर झालं नाही. कलिंगड सगळेच वाजवून बघतात. नाना रिक्षात बसण्याआधी रिक्षा वाजवतात. डॉक्टरांचं टेबल वाजवतात. लग्नाला गेले की मंगल कार्यालयाचा खांब वाजवतात. वाजवून झालं की मान तिरकी करून म्हणतात, "यामा काहीतरी शे."

यात काहीतरी आहे. पण काय, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मी त्यांच्याकडे वाटीभर खीर पाठवली की तासाच्या आत वाटी परत येते, आणि वाटीत शेंगदाणे तरी असतात, नाहीतर दोन केळी. भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपल्याकडची रीतच आहे, पण नानांची घाई अशी, की वाटी रात्रभर घरात राहिली तर पोलीस येतील. वर फाटकाशी उभं राहून विचारणार, "खीर उरली होती का मॅडम? का काही काम होतं?"

त्यांचं लग्न झालं नाही. मुलगी पाहायला गेले होते, एकदाच. चहा यायच्या आत त्यांनी बैठकीची भिंत वाजवून पाहिली. पलीकडून मुलीच्या आजोबांनी "कोण आहे?" म्हणून विचारलं, आणि विषय संपला.

नानांना जगात एकच माणूस आहे, त्यांची मोठी बहीण अक्का. आई गेल्यावर नानांना तिनेच वाढवलं. अक्का पारोळ्याजवळच्या एका खेड्यात एकटी राहते आणि मांडे करते. तुम्ही ते कधी खाल्ले नाहीत, म्हणून सांगते. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायचा. रुमालाएवढी पातळ, मऊ पोळी होते. पूर्वी लग्नसराईत अक्काच्या दारात माणसं थांबलेली असायची. आता केटरिंगवाले सगळंच आणतात. मागणी आटली तेव्हा अक्काने नानांना सांगून टाकलं, "कोनी मागनारं नही ऱ्हायनं, की मी खापर उतारी ठेवसू."

त्या दिवसापासून नानांना एकच काळजी लागली. खापर उतरता कामा नये.

त्यांनी मोबाइलच्या दुकानातल्या माणसाकडून अक्काच्या मांड्यांची वेबसाइट करून घेतली. ती कोणी पाहिली नाही. मग चाळीसगावच्या एका बोअरवेलवाल्याचा निरोप आला, की तुम्ही माझी लिंक लावा, मी तुमची लावतो, सर्च इंजिनला वाटेल दोघंही वजनदार आहेत. नानांनी फोन वाजवून पाहिला. यात त्यांना काही वावगं दिसलं नाही, कारण हा तर वाटीचाच कायदा होता. दिली तर परत आली पाहिजे, आणि आली तर परत दिली पाहिजे. त्यानंतर ज्याने मागितली त्याला नाना लिंक देत गेले. बँडवाला झाला, ज्योतिषी झाला, गुडघेदुखीचं तेल झालं, ट्रॅक्टरच्या सीटकव्हरवाला झाला. अशा एकेचाळीस लिंका जमल्या. मांड्यांच्या पानावर मांडे शोधावे लागत.

रोज सकाळी चहा झाला की नाना या एकेचाळीस जणांची हजेरी घेत. कोणाकडे आपली लिंक दिसली नाही की लगेच फोन. "आमची वाटी कुठं गेली?" बऱ्याच जणांनी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. एवढं करूनही अक्काची साइट वर चढेना. उलट खालीच चालली होती, आणि मागणी एकही नव्हती.

एके दिवशी धुळ्याच्या अन्वरभाईंची लिंक नाहीशी झाली. अन्वरभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात.

"धुळ्याचा मानूस," नाना म्हणाले. "माले पहिल्यापासूनच शंका होती. याच्यामुळेच आपण खाली चाललो. समोर बसून विचारतो."

मला नणंदेकडे धुळ्याला जायचंच होतं. नाना माझ्याबरोबर निघाले. मांडीवर स्टीलचा डबा होता, त्यात अक्काचे चार मांडे. मी विचारलं, "भेट का?"

"पुरावा," नाना म्हणाले.

अन्वरभाईंचं दुकान लहान, स्वच्छ. त्यांची मुलगी शबाना कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, ती तिथेच होती. नानांनी आधी काउंटर वाजवला.

"आमची लिंक काढली. का काढली?"

"या नाना, बसा तरी," अन्वरभाई म्हणाले. "चहा घ्या."

"चहा नंतर. चहामध्ये माणूस विषय बदलतो."

शबाना हसली. "मी काढली, काका. तुमचीच नाही, सगळ्यांची काढली. अब्बांची साइट खाली चालली होती. या अदलाबदलीचा आता उपयोग नाही, तोटाच आहे."

नाना माझ्याकडे वळले. "बघा. यामा काहीतरी शे. स्वतः वर जायला आपल्याला खाली लोटतात."

शबानाने सर्च इंजिनवाल्यांचे नियमच उघडून फोन माझ्या हातात दिला. नानांचा तिच्यावर नाही, पण माझ्या इंग्रजीवर विश्वास आहे. मी वाचून मराठीत सांगितलं. ओळखीच्या दोघांनी एकमेकांचं नाव सहज सांगितलं तर हरकत नाही. पण नुसतं वर चढण्यासाठी लिंकांची अति देवाणघेवाण केली, तर सर्च इंजिनवाला त्या लिंका मोजत नाही, आणि कधी साइटलाच खाली बसवतो.

"म्हणजे संशय घेतो?"

"हो."

नाना आता खुर्चीत बसले. म्हणाले, "मॅडम, आमच्या कारखान्यात दोन ठेकेदार होते. हा त्याच्या मालाला चांगला म्हणे, तो याच्या. मी दोघांचाही माल परत पाठवला होता, न वाजवता."

"तुम्ही मांडे चांगले म्हणून लिंक मागितली," अन्वरभाई सावकाश म्हणाले. "मी लावली. पण नाना, मी कधी मांडा खाल्लेला नाही. आणि तुम्ही तरी माझ्याकडे मशीन कधी आणलं?"

नानांनी डबा उघडून त्यांच्यासमोर सरकवला. अन्वरभाईंनी मांडा मोडला, खाल्ला, शबानाला दिला. दुसरा घेतला. पुरावा दहा मिनिटांत संपला. चहा आला, आणि नानांनी कप न वाजवता तो घेतला.

जळगावला परतल्यावर नानांनी एकेचाळीस लिंका काढल्या. प्रत्येकाला आधी फोन केला, कारण न सांगता काढणं म्हणजे चोरी. ज्योतिष्याने विचारलं, आजच का काढता? नाना म्हणाले, "तुम्हाले आधी कळायला पाहिजे होतं."

पुढे शबाना आपणहून अक्काकडे गेली. तिने मांडे कसे करतात त्यावर आपल्या साइटवर एक पान लिहिलं, अक्काच्या हातांचे फोटो लावले, खाली पत्ता आणि लिंक दिली. नानांनी लगेच फोन केला, परत काय देऊ? ती म्हणाली, "काही नको, काका. परत दिलीत तर पुन्हा अदलाबदलच होईल."

हे नानांना फार जड गेलं. दोन दिवस फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते. मला म्हणाले, "मॅडम, परत न देता माणसाला झोप कशी लागते?"

मग गेल्या आठवड्यात मागणी आली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतले एक इंजिनीअर, आईच्या पंचाहत्तरीसाठी वीस मांडे. साइटवरून आलेली पहिलीच. नाना ती घेऊन माझ्याकडे आले, आणि आनंद सोडून त्यांच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

"खरं सांगा. तुम्हीच ना?"

मी नाही म्हटलं. त्यांनी अन्वरभाईंना विचारलं, शबानाला विचारलं. मग तुमची आठवण झाली. तुम्हाला आलेला ईमेल तो हा.

काल मांडे न्यायचा दिवस होता. मीही नानांबरोबर अक्काकडे गेले. इंजिनीअर खरोखरच आले, आईला घेऊन. नानांनी गाडीचं बॉनेट वाजवलं. नरडाण्याहून कोणत्या रस्त्याने आलात, रेल्वेचं फाटक बंद होतं का, घरात माणसं किती, सगळं विचारलं. त्यांच्या आईने तिथेच ओट्यावर बसून एक मांडा खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. नाना ते बघत राहिले.

"मानूस खरा शे," माझ्या कानाशी हळूच म्हणाले, आणि घरामागे निघून गेले. बराच वेळ तिकडेच चष्मा पुसत उभे होते.

मी चुलीपाशी अक्काजवळ बसले. म्हटलं, "पहिली मागणी आली एकदाची."

"पहिली कशी?" अक्का म्हणाली. "पुन्याचा एक साहेब शे ना. दर महिनाले चार मांडा मागाडस. नाना इसन लई जास, पुन्याले धाडस."

नाना येऊन नेतात आणि पुण्याला धाडतात म्हणे, ते चार मांडे मला ठाऊक होते. दर महिन्याला त्यातला एक नाना मला 'तपासणीचा नमुना' म्हणून देतात, एक समोरच्या देशमुखांना, आणि दोन स्वतः एकटे बसून खातात. धुळ्याला नेलेले चारही त्याच साहेबांचे असणार.

अक्काने विस्तव पुढे ओढला. "पुन्याले कोनी साहेब नही शे, मॅडम. माले पहिला महिनापासून माहीत शे."

"मग सांगत का नाहीस त्यांना? हात दुखतात तुझे."

"साहेब बंद व्हयना, मंग हाऊ कसाले येई? काम ना बिगर तो कोनाकडे जास का?" साहेब बंद झाला तर नाना कशाला येतील, असं तिचं म्हणणं.

घरामागे नाना पाण्याची टाकी वाजवत होते. अक्का ऐकून हसली आणि म्हणाली, त्याले सांगू नका.

मी सांगितलेलं नाही. तुम्ही त्यांच्या ईमेलला उत्तर द्या, मांडे आम्ही मागवले नव्हते एवढंच लिहा. खानदेशातले मांडे शोधलेत तर अक्काचं नाव तिसऱ्या पानावर सापडतं. खापर अजून चुलीवर आहे, आणि पुण्याच्या साहेबांची या महिन्याची मागणी आज सकाळी गेली.

तुमची,
आजी