सोपानतात्या गोड बोलले तो दिवस

नदीत उतरलेल्या माणसाकडून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार काठावर बसून निमूट ऐकायचा, आणि वर त्यालाच चहा पाजायचा, हा मान सोपानतात्यांनी आमच्या बोरीतल्या प्रत्येक मोटरवाल्याला दिला होता.

कुकडीच्या पात्रात आमच्या मोटरींचे पाइप सोडलेले असत. पाइपाच्या तोंडाशी फुटवाल नावाची झडप असते. तिच्यात शेवाळ अडकलं की पाणी बंद. मग तात्या कमरेला दोर बांधून बुडी मारायचे. डोकं वर आलं की शिव्या, मग श्वास घेऊन पुन्हा खाली. तेवढ्यापुरत्या बायका धुण्याची जागा बदलत. नव्या सुनांना सासवा समजावत, की त्यांचा स्वभाव वाईट नाही, पाणी गार आहे.

तात्यांनी याचं शास्त्र केलं होतं. "कातडं लई चुगलखोर," ते म्हणायचे. "गार लागलं की पयलं त्येच बोंब मारतं. मग हातापायाचं रगात आत पळतं, काळजाची राखण कराया. तरी भागलं न्हाई तर अंग थडथडतं. म्हंजी आत चूल पेटली. तवर भ्यायचं न्हाई." थडथडत्या जबड्यातून शिवी तुटत तुटत यायची, त्यावरून काठावरच्याने आतली चूल ओळखायची. शिव्या थांबल्या की दोर ओढायचा. बाहेर आल्यावर ते हातपाय चोळू देत नसत, शेकोटीजवळ फिरकत नसत. बाहेरचं गार रक्त एकदम काळजाकडे ढकलायचं नसतं म्हणे. हे कुणी शिकवलं असं विचारलं, तर त्यालाही शिवीच मिळे.

त्या पौषात माझ्या गव्हाला पाणी हवं होतं, आणि फुटवालचा नट गंजलेला. वारं बोचत होतं. तात्या साठीच्या पुढे गेलेले. मी आणि माझा चुलतभाऊ नामदेव दोर धरून बसलो होतो.

"तु-तुझ्या बा-बापानं तरी क-कधी गिरीस लावलं व्हतं का रं," पाण्यातून आलं. त्यापुढचं लिहिण्यासारखं नाही. ऐकून मला बरं वाटलं.

पुढच्या बुडीनंतर डोकं वर आलं, पण शिवी आली नाही. तात्या पाइपाला धरून गळ्याइतक्या पाण्यात स्थिर राहिले.

"भाऊ," ते म्हणाले. आवाज कुठेही अडखळला नाही. "लई ग्वाड ऊब आली बगा. तुमी निवांत बसा. मी बी बसतो जरा."

नामदेव हरखला. आज तात्या माणसात आले, म्हणाला. मी मात्र दोर हाताला गुंडाळला. जन्मात त्यांनी मला 'तुमी' म्हटलं नव्हतं. चूल विझली होती आणि कातडी खोटी ऊब सांगत होती.

आम्ही दोर ओढला, तर तात्या पाइप सोडेनात. "ऱ्हाऊ द्या, पावणं," म्हणून हसत होते. त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. मी कपड्यांनिशी पाण्यात उतरलो आणि त्यांचं एकेक बोट सोडवलं.

वर आणल्यावर नामदेव शेकोटी पेटवायला निघाला, त्याला मी थांबवलं आणि तात्यांना ओतूरच्या डॉक्टरकडे न्यायला जीप आणायला पिटाळलं. मोटरीच्या खोलीत तात्यांचे ओले कपडे काढले, माझेही काढले, आणि घोंगडीत घेऊन त्यांना छातीशी धरलं. रांजणाला मिठी मारावी तसं ते अंग होतं. मी एकसारखा म्हणत होतो, तात्या, शिव्या द्या. ते देईनात. मी फार भ्यालो होतो. माझ्या गव्हापायी हा माणूस जाणार, एवढंच डोक्यात होतं.

खूप वेळाने त्यांचा जबडा हलला. मग खांदे, मग सगळं अंग थडथडायला लागलं. त्यातून माझ्या आजोबांविषयी एक अर्धवट शिवी बाहेर पडली आणि मला रडू कोसळलं.

थडथड वाढली, मग हळूहळू ओसरली. नामदेव जीप घेऊन आला तोवर तात्या मला नावानिशी ओळखत होते. मी घोंगडीतून निघू लागलो, तर त्यांनी माझा दंड धरला. बायको जाऊन कैक वर्षं झालेली, लेक सासरी, घरात ते एकटेच.

"जरा थांब रं," ते म्हणाले. "अजून लई गार हाय मी."

त्यांची पाठ केव्हाच माझ्या तळव्याइतकी गरम झाली होती. मी नामदेवला हाताने थांबायची खूण केली आणि घोंगडी पुन्हा दोघांवर ओढून घेतली.